आधी दृश्य, मग मत : मालवणातली पिक्चरच्या गजालींची खानावळ

मालवणात दांडीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक घरगुती खानावळ आहे. तिच्या पडवीत जेमतेम पंचवीस पाने मांडता येतात आणि आताच जागा पुरत नाही, म्हणून खानावळीचे नाव कुठे देऊ नये अशी मालकीणबाईंची विनंती आहे; ती मी पाळते. धक्क्यावर कोणालाही ‘पिक्चरच्या गजालींची खानावळ खंय’ असे विचारले, तर वाट सापडते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता येथे एका चित्रपटावर चर्चा होते आणि चर्चेनंतर जेवण वाढले जाते. दोन्ही मिळून तीनशे रुपये पडतात. चित्रपट मात्र येथे दाखवत नाहीत. तो आठवडाभरात आपापल्या घरी पाहून यायचा. पडवीतला टीव्ही आहे तो वाद अडला की तेवढेच दृश्य पुन्हा लावून पाहण्यापुरता.

मी कणकवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा जूनमधले चार शनिवार मी या पडवीत घालवले, कारण चारही शनिवारांचा विषय माझ्या विशेष आवडीचा होता : जेम्स गन यांनी दिग्दर्शित केलेले ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’चे २०१४, २०१७ आणि २०२३ सालचे तीन भाग, आणि त्यांच्यामध्ये २०१८ साली आलेला रुसो बंधूंचा ‘अॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’, ज्याच्याशिवाय गमोराची गोष्ट पुरी होत नाही. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, १९८८ साली आई वारली त्याच रात्री अंतराळातल्या लुटारूंनी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून उचलून नेलेला पीटर क्विल, निम्म्या विश्वाचा संहार करू पाहणाऱ्या थॅनॉसने आईबापांना मारून आपली मुलगी म्हणून वाढवलेली गमोरा, बायको आणि मुलीच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला ड्रॅक्स, प्रयोगशाळेत घडवलेला रकून रॉकेट आणि तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा बोलणारे झाड ग्रूट अशा पाच जणांची ही टोळी आहे. या पाचांपैकी एकालाही घर उरलेले नाही. प्रत्येकाचा भूतकाळ प्रेक्षकाला तुकड्यातुकड्यांनी कळतो, आणि म्हणूनच ‘हा नेमका कोण, कुठून आला’ असे विचारणे हा या चित्रपटांच्या बाबतीत रिकामटेकड्यांचा उद्योग ठरत नाही. तो चित्रपटाचाच विषय आहे.

चर्चेची पद्धत अशी आहे की, आल्याबरोबर प्रत्येकाने आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मालकीणबाईंचा मुलगा त्या चिठ्ठ्या एकेक करून वाचतो, आणि बोलणाऱ्याने आपले म्हणणे कोणत्या दृश्यावरून मांडले आहे ते आधी सांगायचे. ‘आधी दृश्य, मग मत’ हे शब्द दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेले आहेत आणि मालकीणबाई, ज्यांना सगळे वयनी म्हणतात, स्वयंपाकघरातूनही त्यांची आठवण करून देतात. कॉमिक्समधला पुरावा येथे चालत नाही. हा नियम पहिल्या दिवशी मला जाचक वाटला होता, कारण क्विल १९७६ साली आणि ग्रूट तर १९६० साली कॉमिक्समध्ये पहिल्यांदा आला आणि या टोळीची आजची घडण २००८ सालच्या कॉमिक्समधून आली, असा मोठा वारसा बाजूला का ठेवायचा, हे मला कळेना. दुसऱ्या शनिवारी ते कळले. कॉमिक्समधला क्विलचा बाप वेगळा आणि चित्रपटातला वेगळा. दोन्हींची सरमिसळ केली असती तर त्या संध्याकाळी एकाही प्रश्नाचा निकाल लागला नसता.

पहिल्याच शनिवारची पहिली चिठ्ठी अंतराळातल्या पोकळीबद्दल होती. २०१४ च्या चित्रपटात गमोराचे छोटे यान फुटते, ती उघड्या अंतराळात तरंगत राहते, तेव्हा क्विल स्वतःच्या यानातून बाहेर पडून आपला मुखवटा तिच्या तोंडावर बसवतो आणि क्विलला लहानपणी उचलून नेणाऱ्या लुटारूंचा म्होरक्या यॉन्डू येऊन उचलेपर्यंत दोघेही तगतात. हे शक्य आहे का? माझ्या विषयातला प्रश्न असल्यामुळे मी १९६६ सालची ह्यूस्टनची घटना सांगितली. तेथे नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना जिम लेब्लँक या तंत्रज्ञाच्या पोशाखाची हवेची नळी सुटली, सुमारे १४ सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली, आणि जिभेवरची लाळ उकळल्यासारखी बुडबुडत होती एवढीच शेवटची आठवण त्यांच्यापाशी राहिली. कक्षात तातडीने हवा भरल्यामुळे ते वाचले. म्हणजे उघड्या अंतराळात माणूस त्याच क्षणी फुटत नाही किंवा गोठून दगड होत नाही, पण हालचाल करण्याइतका शुद्धीवर राहण्याचा अवधी मात्र फार थोडा असतो.

यावर एक स्कूबा मार्गदर्शक बोलला. पावसाळ्यात पाण्याखालचे पर्यटन बंद असल्यामुळे तोही या दिवसांत मोकळा असतो. त्याचा मुद्दा मी इतकी वर्षे शिकवूनही माझ्या लक्षात आला नव्हता. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तेथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते; जो श्वास रोखून वर येतो त्याची फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून नवशिक्याला तो पहिला धडा देतो तो ‘काहीही झाले तरी श्वास रोखायचा नाही’ हाच. अंतराळात बाहेरचा दाब शून्यावर येत असल्यामुळे तेथे हा नियम आणखी कडक व्हायला हवा, असे त्याचे म्हणणे होते, आणि मुखवटा काढताना क्विल तोंड मिटून घेतो की उघडे ठेवतो हे पाहण्यासाठी त्याने ते दृश्य तीन वेळा लावायला लावले. एकमत झाले नाही. पण समुद्राखाली रोज जाणारा माणूस एका काल्पनिक वीराच्या ओठांकडे इतक्या काळजीने पाहतो आहे, हे पाहून मला त्या पडवीत आल्याचे समाधान वाटले.

हाच प्रश्न चौथ्या शनिवारी परत आला, आणि तो कसा परत आला ते सांगण्यासारखे आहे. २०२३ च्या भागात गाण्यांचे यंत्र वाचवायच्या नादात क्विल मागे राहतो, पुन्हा उघड्या अंतराळात सापडतो, पण या वेळी त्याचा चेहरा भयंकर सुजतो आणि अॅडम वॉरलॉकने उचलून आणले नसते तर तो गेलाच होता. तोच माणूस, तीच पोकळी, मग परिणाम वेगळा का? उत्तर मधल्या भागात आहे. क्विलचा बाप ईगो हा सेलेस्टियल नावाच्या प्राचीन वंशातला होता. पहिल्या भागाच्या शेवटी नोव्हा दल या अंतराळातल्या फौजेची प्रमुख नोव्हा प्राइम क्विलच्या रक्तात काहीतरी पुरातन असल्याचे सांगते, आणि शक्तिमणी हातात धरूनही तो जळून गेला नाही याचे ते एक कारण असावे असेही तेथे सुचवले जाते. दुसऱ्या भागात ईगो मरतो आणि त्याच्याबरोबर क्विलमधले ते तेजही विझते. तिसऱ्या भागात पोकळीत गेला तो साधा माणूस होता. चित्रपटात हे कोणीही बोलून दाखवत नाही, आणि गन यांनी ते ठरवून केले असेल असा दावा मी करणार नाही. पण तीन भागांतली तीन दृश्ये शेजारी ठेवली की ती एकमेकांना खोटी पाडत नाहीत. पहिल्या भागात गमोरा कशी तगली, ही उरलेली शंकाही तिच्या शरीरावर थॅनॉसने करवलेल्या शस्त्रक्रियांपाशी येऊन थांबली.

वॉकमनचा प्रश्न त्या मानाने लवकर संपला. क्विलचा वॉकमन म्हणजे १९७९ साली बाजारात आलेले सोनीचे पहिलेच टीपीएस-एल२ हे मॉडेल; त्याला दोन पेन्सिल सेल लागतात, आणि पहिल्या भागाची मुख्य कथा तर अपहरणानंतर २६ वर्षांनी घडते, तेव्हा सेल आणले कुठून? ज्या जगात माणसे तारे ओलांडतात तेथे दीड व्होल्टची सोय होणार नाही असे कोणी मानू नये, यावर सगळ्यांचे एकमत झाले. खरी अडचण फितीची आहे. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी पिशवीतून आपल्या वडिलांच्या आवाजातल्या भजनांची कॅसेट काढून सगळ्यांना दाखवली : फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली, एका बाजूचा कागद दमट हवेने सुटून निघालेला, आणि मधल्या दात्यांत अडकवून फीत फिरवण्यासाठी लागणारी पेन्सिल रबरबँडने कॅसेटलाच बांधलेली. दर पावसाळ्याआधी त्या ती फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवून घेतात, म्हणजे वेढे एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते की, रोज वाजणारी फीत झिजते हे खरे, पण पडून राहिलेली फीत त्याहून लवकर मरते, आणि क्विल ती रोज वाजवतो म्हणूनच ती टिकली. मग आईने दिलेले दुसरे पुडके, जे तो २६ वर्षे न फोडता जपतो आणि शेवटी फोडतो तेव्हा त्यातूनही कॅसेटच निघते, ती कशी वाजली? यावर मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘त्या यानात आमच्यासारखो पावस नाय.’ एवढ्यावर चिठ्ठी निकालात निघाली.

माझ्या मते या चार आठवड्यांतली सर्वांत कसदार चर्चा तिसऱ्या शनिवारी झाली, आणि ती सुरू केली बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने. पहिल्या भागात नोव्हा दलाचे लोक टोळीतल्या चौघांना पकडतात आणि एकेकाला उभे करून त्याची माहिती पडद्यावर आणतात, ते दृश्य तिने चौकट चौकट थांबवत दाखवले. प्रेक्षकाचे लक्ष विनोदाकडे असते, पण पडद्यावरच्या बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. क्विलच्या मानेत भाषांतर करणारे यंत्र बसवलेले आहे, ही पहिली. त्यामुळे परग्रहावरची माणसे आणि तो एकमेकांचे बोलणे कसे समजतात, हा शंभरदा विचारला जाणारा प्रश्न एका ओळीत मिटतो. दुसरी गोष्ट रॉकेटचा क्रमांक, ८९पी१३. २०१४ साली ओझरता आलेला हा क्रमांक नऊ वर्षांनी तिसऱ्या भागाचा कणा झाला. पिंजऱ्यातले ते पिल्लू, त्याचे तीन सोबती आणि त्यांचा शेवट हे सगळे त्या क्रमांकामागे दडलेले होते. तिसऱ्या शनिवारी त्या चौकटीवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी ते विसरलं नाही.’

तिसरी गोष्ट मात्र विसरली गेली. गमोराच्या नोंदीत ती झेहोबेरी लोकांपैकी शेवटची जिवंत व्यक्ती असल्याचे लिहिले आहे. चार वर्षांनी ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये मात्र थॅनॉसने तिच्या ग्रहावरची निम्मीच माणसे मारल्याचे दिसते, आणि तो तिला सांगतो की, त्यानंतर तेथे जन्मलेल्या मुलांना उपाशी झोपणे ठाऊक नाही. निम्मे लोक उरले असतील तर ती शेवटची कशी? येथे पडवीचे दोन तट पडले. थॅनॉस खोटे बोलतो आहे, असे एका तटाचे मत होते. पण मग गमोरा त्याला उलट उत्तर देताना निम्मा ग्रह मारल्याचेच बोलते, सगळा नाही, हे दृश्य लावून दाखवल्यावर तो तट ढासळला. दुसऱ्या तटाने नोव्हा दलाची नोंदच चुकीची ठरवली : लहानपणी उचलून नेलेल्या मुलीला मागे काय उरले हे ठाऊक नसणार, आणि तिच्याबद्दल ऐकीव माहितीवर नोंद करणाऱ्यांना तर नाहीच नाही. हा युक्तिवाद हुशारीचा आहे आणि नियमातही बसतो.

तरीही मला तो पटलेला नाही, आणि त्या रात्री मी ते स्पष्ट बोलले. वॉकमनचे सेल कुठून आले हे न कळल्याने क्विलवरचे माझे प्रेम कमी होत नाही, कारण त्याचे दुःख सेलवर उभे नाही. गमोराचे दुःख मात्र तिच्या मागे कोणी उरले की नाही यावर उभे आहे. ज्या मुलीचे सगळे गणगोत संपले आहे आणि जिचे निम्मे लोक कुठेतरी नांदत आहेत, या दोन मुली एक नाहीत. पहिलीला परत जायला जागा नाही, दुसरीने परत जायचा विचार कधीच का केला नाही असा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर एकाही चित्रपटात नाही. शिवाय निम्म्या संहाराची गोष्ट आल्यामुळे, निम्मे मारले की उरलेले सुखी होतात, या थॅनॉसच्या युक्तिवादाला एक आकडेवारी मिळते आणि पडद्यावर ती खोडून काढायला कोणी उरत नाही. पात्राच्या पूर्वेतिहासातली चूक आणि यंत्राच्या तपशिलातली चूक एकाच तराजूत घालू नयेत, एवढेच माझे म्हणणे होते. ती मुलगी माझ्याशी पूर्ण सहमत झाली नाही. अनेक हातांनी लिहिलेल्या गोष्टीत एखादी ओळ गळणारच, असे तिने शांतपणे सांगितले.

दुसऱ्या शनिवारविषयी लिहायचे मी शेवटी ठेवले, कारण त्या दिवशी प्रश्नाला उत्तर देणारा माणूस उत्तर सोसूनही गेला. चिठ्ठी अशी होती : क्विलला त्याच्या बापाकडे पोचवण्यासाठी यॉन्डूला पैसे मिळाले होते, मग त्याने त्याला स्वतःकडेच का ठेवले? तरुण मुलांनी यॉन्डूचेच बोलणे पुढे केले : पोर अंगाने लहान होते, अरुंद जागेत शिरून चोरी करायला उपयोगी होते. तेव्हा कोपऱ्यात बसलेले, वयाची सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त तांडेल म्हणाले, ‘खलाशांसमोर तांडेल मऊ बोललो, तर होडी सांभाळतलो कोण?’ मुलांनी आधी दृश्य मागितले. तांडेलकाकांनी दुसऱ्या भागातले, यॉन्डू आणि रॉकेट कोठडीतून सुटल्यानंतरचे दृश्य लावायला सांगितले, जेथे यॉन्डू रॉकेटला त्याचा कडवटपणा ओळखून सुनावतो, आणि त्यातून स्वतःबद्दलही सांगून जातो. यॉन्डूला ईगो मुलांचे काय करतो हे कळले होते, म्हणून त्याने या पोराला दिले नाही. पण जहाजावर ते कारण उघड करता येत नव्हते, असा काकांचा अर्थ.

मग एका मुलाने विचारले की, क्विलच्या आधी नेऊन दिलेल्या मुलांचे काय? ईगोच्या ग्रहाखाली त्याच मुलांच्या हाडांचा ढीग आहे, आणि मुलांचा व्यापार केला म्हणून तर लुटारूंचा एक नायक स्टाकर याने यॉन्डूला लुटारूंच्या टोळ्यांतून बहिष्कृत केले होते. पडवीत कोणी बोलेना. काकांनी ते नाकारले नाही. यॉन्डूने आपल्याला ठाऊक नव्हते असे सांगितले, तेव्हा ठाऊक करून घ्यायचे नव्हते म्हणून ठाऊक नव्हते, असे स्टाकर त्याला सुनावतो, ते दृश्य काकांनीच पुन्हा लावायला सांगितले. त्यानंतर शेवट पाहिला : उरलेला एकच पोशाख यॉन्डू क्विलच्या अंगावर चढवतो आणि स्वतः उघड्यावर गोठून मरतो. पहिल्या भागात क्विलने गमोराला मुखवटा दिला होता, तेच येथे त्याला कोणीतरी देतो आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवले. अंत्यविधीला ज्या टोळ्यांनी त्याला हाकलले होते त्यांची जहाजे येतात. काका म्हणाले, ‘वाळीत टाकलेल्या माणसाक खांदो देवक गाव इलो, म्हणजे गावान माफ केल्यान.’ थोड्या वेळाने त्यांनी जोडले, ‘पण हाडां तशीच रवली.’ त्या रात्री आणखी चिठ्ठ्या वाचल्या गेल्या नाहीत.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. पडवीवर पत्रे आहेत. पावसाची सर जोरात आली की शेवटच्या रांगेतल्यांना काही ऐकू येत नाही. टीव्ही लहान आहे, त्यामुळे नोव्हा दलाच्या दृश्यातली बारीक अक्षरे वाचायला सगळ्यांना उठून जवळ जावे लागले. कोणी इंग्रजी आवृत्ती पाहून येतो, कोणी हिंदी, आणि दोन्हींतले शब्द वेगळे असल्याने अर्धा तास वाद झाल्यावर कळते की वाद चित्रपटाचा नसून अनुवादाचा होता. कोणती आवृत्ती प्रमाण मानायची ते आधीच ठरवून टाकावे. पहिल्या दोन आठवड्यांत मालकीणबाईंच्या मुलाने मित्रांच्याच चिठ्ठ्या आधी वाचल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसणाऱ्या बायकांची पाळी येईपर्यंत जेवणाची वेळ झाली. मी ते वयनींच्या कानावर घातले. तिसऱ्या शनिवारपासून चिठ्ठ्या तांब्यात घालून न पाहता उचलल्या जातात, आणि कॅसेटवाल्या मावशींची चिठ्ठी निघाली ती त्यामुळेच.

जेवणाबद्दल फार लिहावे लागू नये, कारण ते उत्तम आहे. बंदीमुळे ट्रॉलरची मासळी नसते. खाडीत मिळेल ते, नाहीतर चुलीवर भाजलेला सुका बांगडा, उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, टाकळ्याची भाजी आणि सोलकढी. पिठीचे पातेले पडवीत आले की वयनी टीव्ही बंद करतात, मग वाद कितीही रंगात असो.

जायचे असल्यास गुरुवारपर्यंत निरोप द्यावा आणि चित्रपट नीट पाहूनच जावे. न पाहता आलेल्याला जेवण मिळते, पण बोलू दिले जात नाही. कणकवलीकडे परतणाऱ्यांनी गाडीची सोय स्वतः करावी. १ ऑगस्टपासून खलाशी नौकांवर जातात, पुढे पाण्याखालचे पर्यटन सुरू होऊन स्कूबावाला मुलगाही कामाला लागतो, आणि शनिवारची बैठक बंद होते. तोवर न उचललेल्या चिठ्ठ्या वयनी त्याच तांब्यात ठेवून वर फडके बांधतात आणि पुढच्या जूनमध्ये तेथूनच सुरुवात करतात. माझी एक त्यात आहे.